तीन देशांचा खांब

आमच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं. त्याचं पान एप्रिलच्या पुढे कधी उलटलंच गेलं नाही. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करत होतो त्याचं एका जर्मन कंपनीशी सहकार्य होतं, आणि दर नव्या वर्षाला तिकडून जाड, गुळगुळीत कागदाची कॅलेंडरं येत. साहेबलोकांना वाटून उरलेली आमच्यापर्यंत पोचत. एप्रिलच्या पानावर नदीकाठी उभ्या असलेल्या एका उंच धातूच्या खांबाचं चित्र होतं. दिवाळीतल्या बाणासारखा टोकदार, आणि बुंध्याला तीन पंख. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. पण माझी मुलगी तेव्हा दहावीत होती, भूगोलात रमणारी, आणि पोळी खाताना समोर जे दिसेल ते वाचून काढणारी. त्या चित्राखालच्या दोन जर्मन ओळी तिला वाचता येईनात, म्हणून तिने त्या उतरवून माझ्या डब्याच्या पिशवीत टाकल्या. आमच्याकडचा एक इंजिनियर तिकडे राहून आला होता. त्याने वाचून सांगितलं, की बाझल गावाजवळ नदीच्या काठी जर्मनी, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड एकमेकांना भिडतात, तिथला हा खांब.

घरी येऊन मी ते सांगितलं. ती क्षणभर खांबाकडे बघत राहिली.

"म्हणजे याच्याभोवती एक फेरी मारली की तीन देश झाले?"

"झाले की."

"फुकट?"

"फुकट."

"बाबा, याच्याहून स्वस्त युरोप कुठे मिळेल?" ती म्हणाली, आणि मे महिना आला तेव्हा तिने पान उलटू दिलं नाही.

हे सगळं तिथेच थांबलं असतं. पण पुढच्या वर्षी कारखान्यात तपासणी विभागासाठी नवी यंत्रं यायची ठरली, आणि ती शिकून घ्यायला ज्यांना जर्मनीला पाठवायचं त्यांत माझं नाव लागलं. जाण्यायेण्याचं तिकीट, राहणं, जेवण सगळं कंपनीचं. त्या दिवशी सायकलवरून घरी येताना मला शरणपूर रोड नेहमीपेक्षा रुंद वाटला. घरात शिरल्या शिरल्या मी मुलीला म्हणालो, "तूही चल. माझं शिकणं संपलं की मी पंधरा दिवसांची रजा काढतो. तू ये. खांब बघू, आणखी काय जमेल ते बघू."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथेच लाज वाटली. तिला आनंद झाला नव्हता असं नाही. पण 'बघू' हा माझा शब्द ती लहानपणापासून ओळखत होती. शाळेची वेरूळची सहल मी 'बघू' म्हणून घालवली होती, कारण त्याच दिवशी चुलतभावाने त्याच्याकडच्या वास्तुशांतीला सगळ्यांनी यायलाच पाहिजे म्हणून गळ घातली. गाण्याची शिकवणी 'बघू' म्हणून राहिली, कारण शिकवणीच्या वेळेला माझ्या एका मित्राच्या मुलाला आमच्याकडे अभ्यासाला बसवायचं मी कबूल करून बसलो होतो. मी वाईट बाप नव्हतो असं माझी बायको म्हणते. मला ते अजून नीटसं पटलेलं नाही. माझा दोष एवढाच, की समोरच्या माणसाला 'नाही' म्हणायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. आणि घरातली माणसं कधी समोरची वाटत नाहीत. ती आपल्या पाठीमागे उभी आहेत असंच वाटतं.

माझे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते, म्हणून बायकोने स्वतःला या प्रवासातून आधीच वजा केलं होतं. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि बोलायचीही तशीच, सरळ.

"तिला न्याच," ती म्हणाली. "पण अहो, कबूल केलंय तर न्या. मागाहून भीड पडली म्हणून सांगू नका. भीड भिकेची बहीण असते."

मग मुलीने कामाला सुरुवात केली. अकरावीचं वर्ष होतं, पण दुपारी कॉलेजातून आली की ती शाळेतला नकाशासंग्रह उघडायची, आईच्या शिवणाच्या पेटीतला दोरा घ्यायची आणि एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत रेल्वेच्या काळ्या रेघेवरून तो वळवत न्यायची. मग दोरा पट्टीवर ताणून अंतर काढायची. खरी अडचण रुपयांची नव्हतीच. तिचं तिकीट पोस्टातल्या बचतीतून निघणार होतं. अडचण परकीय चलनाची होती. त्या काळी परदेशी जाणाऱ्याला सरकार मोजकेच डॉलर घेऊ द्यायचं, खिशात कितीही रुपये असले तरी. तेवढ्यात पंधरा दिवस, दोन माणसं, आणि जमतील तितके देश.

"चहा विकत प्यायचा नाही," तिने मला बजावलं. "तुमचा अर्धा युरोप चहातच जाईल."

"आणि पाणी?"

"नळाचं. तिकडे नळाचं पितात."

खाण्याचा प्रश्न बायकोने हाती घेतला. दुधात भिजवलेल्या दशम्या, गूळपापडीच्या वड्या, भाजक्या पोह्यांचा चिवडा, मेतकूट. कोणती गोष्ट किती दिवस टिकते हे पाहायला तिने दशम्या फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवल्या आणि रोज एक आम्हाला वाढली. चौथ्या-पाचव्या दिवशी वडील आतल्या खोलीतून ओरडले, "अरे, हे काय रणांगणावर निघालेत का? मला ताजी पोळी द्या!" आम्ही खूप हसलो. त्या महिन्यांतलं हसणं मला नीट आठवतं, कारण पुढे ते कमी होत गेलं.

एके दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, रंगीत तालीम करू."

तिची कल्पना अशी होती: एका रविवारी पाठीवर सगळं सामान घ्यायचं, दिवसाला जेवढं खर्चायचं ठरलंय तेवढंच खिशात ठेवायचं, आणि एसटीने एका दिवसात दोन गावं करून परत यायचं. सिन्नर म्हणजे जर्मनी, कारण तिथे कारखाने आहेत. चांदवड म्हणजे फ्रान्स. का, तर तिथे कांद्याची शेती आहे, आणि फ्रेंच लोक कांद्याचं सूप पितात असं तिने कुठेतरी वाचलं होतं. डोंगराळ म्हणून पेठ स्वित्झर्लंड होणार होतं, पण ते दुसऱ्या बाजूला, म्हणून पुढच्या रविवारवर ठेवलं.

सकाळच्या गाडीने आम्ही सिन्नरला उतरलो. सगळं वेळेवर होतं. स्टँडच्या कट्ट्यावर बसून आम्ही दशमी खाल्ली, तिने हातातल्या कागदावर खूण केली. चांदवडच्या बाजूला जायची गाडी लागायला थोडा वेळ होता. तेवढ्यात मागून हाक आली.

"सायेब! ओ सायेब!"

आमच्या कारखान्यात पूर्वी कामाला असलेला एक जण होता. नोकरी सोडून तो गावी शेती बघत होता. माझ्या पाठीवरचं बोचकं बघून त्याचे डोळे मोठे झाले.

"काय हो, कुटं निगाला? घर सोडून चाललाय का काय?"

मुलगी हसून म्हणाली, "फ्रान्सला चाललोय, काका."

"फ्रान्सला जा नायतर आनखी कुटं जा, पोरी, पन माज्या दारावरून अशी जायाची नाय. घर हे काय, हाकेवर हाय. चा घ्यायचा आन् जायचं. सायेब, तुमी नाय म्हनलं तर मला लय वाईट वाटंल."

मी मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. गाडीच्या पाटीकडे बघत होती. "दहा मिनिटं," मी तिला म्हणालो.

घर हाकेवर नव्हतं. ते शिवाराच्या पार पलीकडे होतं. चहा झाला, मग त्याच्या आईने पोहे केले, मग विहिरीची नवी मोटर बघायची झाली, मग जेवल्याशिवाय उठू देईनात. माणसं इतक्या प्रेमाची, की कुणाला दोष द्यावा? परत स्टँडवर आलो तेव्हा ऊन कललं होतं, आणि आमच्याकडे दशम्यांच्या फडक्याशिवाय भुईमुगाच्या शेंगांची एक जड पिशवी होती. खर्च काहीच झाला नव्हता.

नाशिकच्या गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "पैसे तर वाचले."

"हो ना."

"फक्त फ्रान्स राहिलं."

ती रागावली नव्हती. चेष्टेनेच म्हणाली. शेंगा सोलून मला देत राहिली. पेठचा रविवार मग आलाच नाही. मला तेव्हा कळायला हवं होतं.

आता काकूंविषयी सांगतो. त्या गंगापूर रोडला राहायच्या. बायकोच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, निवृत्त. सगळी शाळा त्यांना काकू म्हणायची, आम्हीही म्हणायचो. त्यांचा थोरला मुलगा बायकोमुलांसह जर्मनीत होता, आणि मी जिथे शिकायला जाणार होतो तिथून फार लांब नव्हता. काकूंना आमचा बेत कळला तेव्हा त्या म्हणाल्या, "हॉटेलं कसली शोधताय? घर आहे ना तिथे. आठ दिवस राहा. मी त्याला कळवते."

आमच्या हिशेबाचा सगळा तोलच बदलला. निम्म्या दिवसांचं राहणं आणि जेवण सुटलं, म्हणजे उरलेल्या डॉलरांत आणखी एक देश बसत होता. शिवाय मुलीच्या व्हिसासाठी तिकडच्या कुणीतरी हमी देणं जरूर होतं. माझी हमी कंपनीची होती. तिची कोण देणार? काकूंच्या मुलाने पत्राने कळवलं की मी देतो. मला देव भेटल्यासारखं झालं. मुलीने दोऱ्याने मोजलेल्या वाटा पुन्हा आखल्या. सगळ्या वाटा आता काकूंच्या मुलाच्या घरातून निघत होत्या आणि तिथेच परत येत होत्या.

काकू आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातात कापडाने शिवलेली एक पिशवी होती. मेतकूट, गोडा मसाला, नातवासाठी लोकरी टोपी. "एवढं त्याला द्या," त्या म्हणाल्या. मी अर्थातच घेतली. मग त्या चहाला थांबल्या. मुलीने चहा आणला.

"ये गं, अशी शेजारी उभी राहा बघू," काकू उठून उभ्या राहत म्हणाल्या. खांद्याला खांदा लावून त्यांनी उंची पाहिली. "छान. चष्मा नाही ना लागलेला? समोरचं कॅलेंडर वाच बरं, इथून."

"ते जर्मनमध्ये आहे, काकू," मुलगी म्हणाली.

"मग तर चांगलंच. शीक जर्मन, उपयोग होईल." त्या हसल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "धाकटाही तिकडेच गेलाय ना आता. दादाकडेच असतो. नोकरी चांगली आहे. भाऊ, आता लगेच काहीच नाही हो. शिकू दे तिला. अठरा होऊ दे, वीस होऊ दे. नुसतं एकमेकांना बघून ठेवतील, बोलतील चार शब्द. परक्या देशात आपलं माणूस बघितलं की बरं वाटतं."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बघू की."

बायको मोरीत भांडी विसळत होती. तिच्या हातून पातेलं जोरात आदळल्याचा आवाज आला.

काकू गेल्यावर मुलगी जमिनीवर बसली, नकाशासंग्रह मिटलेला होता तसाच मांडीवर ठेवून.

"बाबा, त्यांच्याकडे राहायचं भाडं किती?"

"भाडं कसलं? आपलीच माणसं."

"मग माझी उंची का मोजली?"

मी म्हणालो की त्या जुन्या वळणाच्या आहेत, मनाने चांगल्या आहेत, कुणी लगेच लग्न लावत नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मी तिथे आठ दिवस चहा देत हिंडणार. आणि ते बघणार. मला खांब बघायचाय, बाबा, मला कुणी बघायला नकोय."

बायको पदराला हात पुसत आली. माझ्याशी बोलली, पण आवाज चढवला नाही. "उद्या जा आणि पिशवी परत देऊन या. म्हणावं, तुमच्याकडे उतरणार नाही. गोड बोलून सांगा, पण सांगा."

मी गेलो. कामावरून सुटल्यावर सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून तसाच गंगापूर रोडला वळलो. वाटेत वाक्य पाठ करत होतो. काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं आलात. मी तुमच्याकडेच यायला निघाले होते. बसा. पाठ लागलीय का दुखायला? त्या सातपूरच्या रस्त्याने सायकल म्हणजे..."

त्यांनी सरबत केलं. मुलांचे फोटो दाखवले. थोरला, त्याची बायको, बर्फात उभा राहिलेला नातू. धाकटा एका बाजूला, कानटोपीत, खरं तर बिचारा साधासुधा दिसत होता. काकू म्हणाल्या, "दोघंही गेले, आणि मी इथे घर राखत बसलेय. तुम्ही तिकडे जाणार म्हटल्यापासून मला वाटतं, आपलंच कुणी जातंय." त्यांचे डोळे भरून आले. मी पिशवी पायाशी ठेवली होती. ती वर उचलून 'काकू, हे...' एवढंच बोललो.

"हां, आठवण झाली!" त्या उठल्या आणि आतून दुसरी पिशवी घेऊन आल्या. "यात कुळथाचं पीठ आहे. आणि पुरणयंत्र. सूनबाई किती दिवस म्हणतेय. जड नाही फार."

मी घरी आलो तेव्हा हँडलच्या दोन्ही बाजूंना एकेक पिशवी होती.

बायको दारात उभी होती. तिने दोन्ही पिशव्या बघितल्या आणि आत गेली. मुलीला मात्र हसू आवरेना. खोटं नव्हे, खरंखुरं हसली, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग ते पाणी थांबेना. तिने ओढणीने तोंड पुसलं, माझ्या हातातून सायकल घेतली आणि म्हणाली, "द्या इकडे."

"अगं, उद्या मी..."

"बाबा, द्या."

मी कोपऱ्यापर्यंत तिच्यामागे गेलो. पुढे गेलो नाही. ती परत येईपर्यंत मी कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपाशी उभा राहिलो. टपरीवाल्याने तीनदा विचारलं, काय हवंय. एकदा तर मी पान घेतलंही. मी पान खात नाही.

ती आली तेव्हा सायकलवर काही नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, काकू, बाबांना नाही म्हणता येत नाही, म्हणून मी आले."

"आणि त्या?"

"त्या म्हणाल्या, तोंडाळ आहेस. मग म्हणाल्या, बस, सरबत घे." ती सायकल ढकलत पुढे झाली. "घेतलं. छान होतं."

काकूंनी काही वाकडं केलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो. त्यांच्या मुलाचं पत्र आलं, सभ्य भाषेत, की आईने सांगितलं तुमचा बेत बदललाय, तेव्हा हमीची आता जरूर नसावी. त्याला तसंच वाटलं असणार. मी पुन्हा लिहून मागू शकलो असतो. पण कोणत्या तोंडाने?

मुलगी डगमगली नाही. तिने सगळं कमी केलं. पॅरिस काढलं, रोम काढलं. रजा पंधरा दिवसांची नको, चार दिवसांची पुरे. बाझलमध्ये विद्यार्थ्यांसाठी स्वस्तात राहायची वसतिगृहं असतात हे तिने शोधून काढलं होतं. "फक्त खांब," ती म्हणाली. "तरी तीन देश होतातच. फक्त हमी तेवढी मिळवा. तुमची कंपनी एक ओळ लिहून देईल ना? विचारा तर साहेबांना."

विचारायचं होतं एवढंच. आमचे मॅनेजर तसे सरळ गृहस्थ. मी केबिनमध्ये गेलो, तेव्हा ते माझ्याच प्रवासाची कागदपत्रं चाळत होते. म्हणाले, "तुमच्यासाठी मी वर बराच शब्द टाकलाय. दुसऱ्या दोघांची नावं कापली गेली. आता नीट शिकून या."

"हो, सर."

"अजून काही?"

खिडकीतून यंत्रशाळेचा आवाज येत होता. मला आठवतं, त्यांच्या टेबलावर काचेखाली त्याच कॅलेंडरवाल्यांचं एक छोटं चित्र होतं, कुठल्यातरी पुलाचं. मी पुलाकडे बघत राहिलो. ज्यांची नावं कापली गेली त्यांतला एक माझ्या शेजारच्या बाकावर काम करायचा. आता मी मुलीसाठी आणखी मागायचं?

"नाही, सर," मी म्हणालो.

घरी मी काय सांगितलं असेल? खरं तेच सांगितलं, की मला विचारता आलं नाही. खोटं बोलायलाही एक बळ लागतं. मुलगी दशम्यांचं पीठ चाळत होती. तिची चाळणी थांबली, मग पुन्हा हलू लागली. "ठीक आहे," ती म्हणाली. त्या 'ठीक आहे'मध्ये राग असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

मी एकट्याने जायचं ठरलं. ठरलं म्हणजे, मी 'जात नाही' असं कुणाला सांगू शकलो नाही.

निघायच्या आदल्या दिवशी काकू आल्या. दोन्ही पिशव्या घेऊन. आम्ही तिघंही अवघडून उभे राहिलो. त्यांनी पिशव्या सरळ मुलीच्या हातात दिल्या.

"रागरुसवा वेगळा आणि मेतकूट वेगळं," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा जातच आहेत तर नेतील. नेतील ना, भाऊ?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांच्या कडेला तेच सिन्नरच्या गाडीतलं हसू होतं. "नेतील हो, काकू," ती म्हणाली. "बाबा नाही म्हणणार नाहीत."

पिशव्या तिनेच माझ्या बॅगेत भरल्या. पुरणयंत्र सुटं करून कपड्यांत गुंडाळलं. मग एक घडी केलेला कागद माझ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. कुठली गाडी, कुठे बदलायची, स्टेशनपासून नदीपर्यंत कुठल्या अंगाने चालायचं, सगळं लिहिलेलं. "एक रविवार पुरतो," ती म्हणाली. "खांबाला एक फेरी मारा. प्रदक्षिणेसारखी मारा, डावीकडून उजवीकडे. म्हणजे माझी पण होईल."

जर्मनीत शिकणं इतकं भरगच्च होतं की रविवारीही बहुतेक काम असायचं. शेवटी एक रविवार मोकळा मिळाला. मी सकाळीच उठलो, कोट घातला, कागद बाहेर काढला. गाडीची वेळ मला पाठ झाली होती. खाली उतरलो तर कंपनीच्या वसतिगृहाच्या दारात एक मोटार उभी होती, आणि तिच्याजवळ दोघं भाऊ, फोटोतले. थोरला हात जोडून पुढे आला.

"आईचं पत्र आलं. पिशव्या न्यायला आलोच होतो, पण तुम्हालाही घेऊन जायचं ठरलंय. बायकोने स्वयंपाक केलाय. तुम्ही इथे एकटे डबाबंद खाताय म्हटल्यावर आम्हाला घास उतरेना."

मी वर जाऊन पिशव्या आणल्या, आणि धाकटा त्या माझ्या हातातून घेत होता. तो खरंच साधा मुलगा होता. लाजत होता. मी म्हणालो, की मला आज जरा एका ठिकाणी... थोरला म्हणाला, "संध्याकाळी सोडतो ना हवं तिथे." मी कोटाच्या खिशावर हात ठेवला होता. तो मी खाली घेतला आणि मोटारीत बसलो.

संध्याकाळी अंधार पडला होता आणि पाऊस होता.

नाशिकला परत आलो तेव्हा वडिलांनी चौकशी केली, बायकोने सामान उघडलं, शेजारी येऊन गेले. सगळे गेल्यावर मुलगी स्वयंपाकघरात माझ्यासमोर ताट घेऊन बसली. भिंतीवर एप्रिल होता.

"खांब?" तिने विचारलं.

मी मान खाली घातली. "निघालो होतो. कोट घातला होता. काकूंचे मुलगे आले. जेवायला बोलावलं होतं."

बराच वेळ ती आमटीत भात कालवत राहिली. वाटलं, उठून जाईल. ती उठली नाही. ती कधीच उठून गेली नाही, आणि मला वाटतं तेच मला सगळ्यात जास्त लागलं आहे.

"काय होतं जेवायला?" तिने विचारलं.

"वरणभात. तूप. लिंबाची फोड."

"आणि मेतकूट?"

"तेही," मी म्हणालो.

तिने मान हलवली, जणू हिशेब लागला. मग उठून माझ्या ताटात आणखी भात वाढला. मला नको होता. मी नाही म्हणालो नाही.